पाट ओला होता, गफूर

गफूर,

तुला माती द्यायला मी आलो होतो. सगळ्यांनी तीन-तीन मुठी टाकल्या, मग फावडी चालली. कुणीतरी माझ्याही हातात फावडं दिलं. शिरपत माळी, जन्मभर मातीत राबलेला माणूस, जमीन सारखी करण्यात त्याचा हात कोण धरणार, असं वाटलं असेल त्याला. मी दोन फावडी ओढली आणि हात थांबले. लोकांना वाटलं, मला रडू येतंय. शेजारच्या म्हाताऱ्यानं फावडं काढून घेतलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, जुना दोस्त होता, होते असं. रडू नव्हतं आलं गफूर. लाज आली होती. तुझ्या अंगावर नीट माती टाकायचाही मला हक्क नाही, असं वाटलं.

तू होतास तेव्हा जे तोंडातून निघालं नाही, ते आता लिहून काढतो. मी सातवीपर्यंत शिकलो आणि शर्यतीला घोड्यांची नि स्वारांची नावं लिहायची वही माझ्याकडे असायची, म्हणून हात अजून लिहिता आहे. तुला वाचता येत नव्हतं. जिवंतपणी लिहून दिलं असतं, तर तूच ते माझ्याकडून वाचून घेतलं असतंस. ते तरी मला जमलं असतं का, कोण जाणे.

माघातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी वाशीमच्या बाहेर माळावर घोडे पळायचे. मेडशीच्या पाटलांचा पांढरा घोडा यायचा, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून नाईक मंडळी आपापली जनावरं घेऊन यायची, जऊळक्याचे व्यापारी तट्टं आणायचे. पंच मांडवात बसत. स्वार फेटे बांधून मिरवत. आपण दोघं दोरीच्या मागे. घोडे पळायच्या पट्ट्यावरचे, म्हणजे धावेवरचे दगड वेचायचे, खड्डे बुजवायचे, चुन्याची फक्की मारायची, घोड्यांसाठी पाण्याच्या नांदी भरून ठेवायच्या, हे माझं काम. तू नालबंद. पळणाऱ्या प्रत्येक घोड्याचे चारही पाय उचलून पाहिल्याशिवाय तू त्याला रेषेवर जाऊ देत नसायचास. आपल्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी आपलं नावही घेत नसे. पहिल्या साली मी कुरकुरलो होतो, की फेटा स्वाराला बांधतात, आपल्याला कुणी गुळाचा खडाही देत नाही. तू एका घोडीचा खूर मांडीवर घेऊन तासत होतास. मान वर न करता म्हणालास, "आपलं काम कोनाले दिसलं, म्हंजे ते चुकलं. नाई दिसलं तं बराबर हाय."

घोड्याशी बोलणं मी तुझ्याकडून शिकलो. मेडशीच्या पाटलांचा घोडा वाजंत्री सुरू झाली की बिथरायचा. चार माणसांना आवरत नसे. तू जाऊन त्याच्या नाकपुडीशी नाक नेऊन नुसता श्वास सोडत उभा राहायचास आणि तो हळूहळू मान खाली घालायचा. एकदा त्याच घोड्यानं माझं पागोटं दातात धरून चघळलं. तू हसून-हसून नांदीला धरून बसलास. पुढे वर्षभर मला भेटलास की आधी माझ्या डोक्याकडे पाहायचास.

आपलं एकच भांडण होतं आणि ते दर साली व्हायचं. माझ्या विहिरीचं पाणी ज्या पाटानं खालच्या वाफ्यांत जायचं, तो पाट धावेला आडवा होता. शर्यतीसाठी तो बुजवावा लागे. तू म्हणायचास, तीन दिवस आधी पाणी बंद कर, माती भर, चोपण्यानं चोप आणि वाळू दे. मी म्हणायचो, दोन दिवस पुरे. तुझं म्हणणं असं, की माणसाचा पाय आणि पळत्या घोड्याचा पाय यांत फरक आहे, वरून कोरडी दिसणारी जमीन घोड्याला फसवते. मी म्हणायचो, तू खूर पाहा, माती मला शिकवू नको. पण दर साली तुझंच ऐकायचो. कारण शर्यतीच्या सकाळी तू अख्खी धाव अनवाणी चालून पाहायचास. पाटाच्या जागी येऊन टाच रोवायचास. टाच रुतली नाही, की मान हलवून पुढे जायचास.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात माझी वांगी आणि मेथी ऐन जोरात होती. जत्रेत सगळा माल उठणार होता. त्या साली उन्हं लवकर तापली आणि मेथी माना टाकू लागली. तीन दिवस पाणी तोडायचं माझ्या जिवावर आलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. शर्यतीच्या आदल्या दिवशी उन्हं कलेपर्यंत माझी मोट चालू होती. शर्यतीच्या दिवशी झुंजुमुंजू होताच मी पाटात सुकी माती लोटली, पायानं दाबली, वर मुरूम पसरला आणि फक्की मारली. कुणाला शंका येणार नाही असा तो दिसत होता. मीसुद्धा त्यावरून चाललो. माणसाच्या वजनाला तो टिकला. मी स्वतःला म्हटलं, बघ, उगाच तीन दिवस, तीन दिवस करत असतो.

त्या सकाळी तू धाव चालायला निघालाच होतास, तेवढ्यात हरसिंग आला. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा हा स्वार, तीन सालांपासून पहिला येणारा. त्याची काळी घोडी, काजळी, वाटेत नाल ढिला करून आली होती. तू तिथंच बसलास. जुना नाल काढून, खूर सारखा करून, नवा बसवायला वेळ लागणार होता. तू मला हाक मारलीस. एका हातात हातोडा, ओठांत खिळे, म्हणून शब्द नीट उमटत नव्हते. तू विचारलंस, "शिरपत, पाट कधी बुजवला?"

मी म्हणालो, "परवा."

तू मान हलवलीस आणि खिळा ठोकलास. त्या साली धाव कुणी चाललं नाही. तुला माझा शब्द पुरेसा वाटला.

पुढचं सगळं मी रोज पाहतो. सहा घोडे सुटले. मी नांदीपाशी होतो, तू दोरीपाशी. काजळी पुढे होती. पाटाच्या जागी तिचे पुढचे पाय रुतले, डावा खोल आत गेला आणि ती तोंडावर आली. हरसिंग तिच्या मानेवरून उडून पडला आणि मागचा घोडा त्याच्या कमरेवरून गेला. बाकीच्यांनी कसेबसे लगाम खेचले. लोक ओरडत धावले. मीही धावलो, पण हरसिंगकडे नाही गेलो. आधी पाटाकडे गेलो आणि तिथं जमलेल्या माणसांच्या पायांनी ती जागा तुडवली जाताना पाहून मला बरं वाटलं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बरं वाटलं मला, गफूर.

काजळीचा पाय नळीत मोडला होता. नाल निघून दहा हातांवर पडला होता. पंचांचे अध्यक्ष वकीलसाहेब मांडवातून उतरून आले, त्यांनी नाल उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. हा कुणी बसवला, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालास, मी, आज सकाळीच. लोकांत कुजबुज सुरू झाली. तू काजळीजवळ बसलास आणि तिचा दुसरा पाय, तो चांगला पाय, हातात घेतलास. खुराच्या खोबणीत अंगठा घातलास. अंगठ्याला काळा, ओला चिखल लागला. माघातल्या कोरड्या माळावर ओला चिखल दुसरा कुठून येणार? तू तो पाहिलास. मी तुला पाहताना पाहिलं. मग तू अंगठा आपल्या पैरणीला पुसलास आणि सगळ्यांसमोर, अगदी हळू, मला विचारलंस, "शिरपत, पाट कोरडा होता ना?"

तू मला वाट करून दिली होतीस. एवढंच म्हणायचं होतं, की नाही, चूक माझी आहे. वकीलसाहेब पाहत होते, पाटील पाहत होते, हरसिंगचे भाऊ काठ्या घेऊन उभे होते. मी म्हणालो, "होता."

मग उठलास आणि वकीलसाहेबांना म्हणालास, "मंग नाल माहाच ढिला बसला असन, साहेब."

दुपारी जमादारानं बंदूक आणून काजळीला सोडवलं. तोवर तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. हरसिंगला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेत होते, तिथून तो तुला शिव्या देत होता. मी नांदी रिकाम्या करत होतो. काहीतरी करत राहायला हवं होतं म्हणून.

पंचांनी ठरवलं, की गफूर नालबंद पुन्हा शर्यतीच्या माळावर नको. हळूहळू घोडेवाल्यांनीही तुझ्याकडे येणं सोडलं. ज्याच्या बापानं आणि आज्यानं घोड्यांचे पाय राखले, तो तू बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसून बैलांना नाल ठोकू लागलास. बैल पाडायला चार माणसं लागतात, दोरखंड लागतात, ते धसमुसळं काम तुझ्या हाताचं नव्हतं. मी मात्र दर साली माळावर जात राहिलो. लढाईच्या दिवसांत दोन सालं शर्यती झाल्या नाहीत, तेवढीच सुटका. बाकी दर साली तीन दिवस आधी पाणी तोडायचो, माती भरायचो, चोपायचो. पंच म्हणायचे, शिरपतसारखं काम कुणाचं नाही.

तू मला तोडलं असतंस तर बरं झालं असतं. तू तोडलं नाहीस. चार घरं सोडून आपण राहायचो. तू भेटलास की बैलाचं विचारायचास, विहिरीच्या पाण्याचं विचारायचास. शर्यतीचं नाव मात्र आठ वर्षांत एकदाही काढलं नाहीस. आणि मी दर आठवड्याला तुझ्या घरी भाजी द्यायचो. वांगी, मेथी, हिरव्या सांबाराच्या जुड्या, पहिल्या तोडीची भेंडी. तू नको म्हणायचास, मी ठेवून यायचो. तुझ्या लेकीच्या लग्नात मी गाडीभर भाजी आणून उतरवली. तू गाडीकडे पाहिलंस आणि विचारलंस, "एवढं कायले, शिरपत?" तेव्हा अंगणात आपण दोघंच होतो. आचारी मागे चुली पेटवत होते. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी म्हणालो, राहू दे, पोर काय तुझ्या एकट्याची आहे का. तू पाटी उचलून आत गेलास.

मग मार्गशीर्षात तुझा ताप उतरेना. मी भेटायला आलो तर तू भिंतीला टेकून बसला होतास. मला म्हणालास, "बस जरा. आज घाई करू नको." मी बसलो. आपल्या दोघांना सोडून हलीमाभाभी आत गेल्या. तू वाट पाहत होतास, हे मला आता कळतं. तेव्हाही कळत होतं. मी तुला सांगितलं, की यंदा वांग्याला कीड पडली, शेंडे वाळून राहिले, राख टाकून पाहतो. मग बैलाच्या खोकल्याचं सांगितलं. तू थोडा वेळ ऐकलंस आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. सुटल्यासारखं वाटून मी उठलो. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तू गेलास.

तुझ्या चाळिसाव्या दिवशी मी घरी गेलो. तू गेल्यापासून हलीमाभाभी पडद्याआड होत्या. माझ्या हातात त्या दिवशी काही नव्हतं, हे मुद्दाम. पडद्याकडे तोंड करून मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाणी कधीपर्यंत चालू होतं, तुला काय सांगितलं, पंचांपुढे काय बोललो. सांगताना मला वाटत होतं, की भाभी रडतील, शिव्या देतील, घरातून जा म्हणतील. पडद्यामागून त्या म्हणाल्या, "मालूम हाय भाऊ. त्याच दिसी घरी येऊन त्यायनं मले सांगतलं होतं."

मी विचारलं, मग तुम्ही कुणाला बोलल्या का नाही?

त्यांनी सांगितलं, की तूच शपथ घातली होतीस. तू म्हणाला होतास, की मी सांगितलं तर शिरपतचं तोंड काळं होईल, त्यानं सांगितलं तर धुतलं जाईल, म्हणून त्यालाच येऊ दे. पहिल्या साली तू माझी रोज वाट पाहिलीस. माझी चाहूल लागली की भाभींना आत पाठवायचास, माणसाला बाईमाणसासमोर बोलायला जड जाईल म्हणून. नंतर नंतर तू हसायला लागलास. भाभी म्हणाल्या, "म्हनत, शिरपत भाजी आनते, बात नाई आनत."

हे सांगताना त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. चिडलेला असता तर मला उठता आलं असतं. मी तिथंच बसून राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं, की आता काय करणार. मी म्हणालो, पंचांना सांगतो. त्या म्हणाल्या, नुसतं पंचांना नका सांगू. ज्यांच्यासमोर त्यांचं नाव गेलं, त्या सगळ्यांना सांगा.

मी आधी वकीलसाहेबांकडे गेलो. ते आता थकलेत, नजर गेली आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, शिरपत, झालं-गेलं आता कशाला उकरता, तो माणूसही राहिला नाही. मी म्हणालो, साहेब, तो राहिला नाही म्हणूनच. ते नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत.

परवा शर्यती झाल्या. जिथं फेटे बांधतात त्या गाडीवर मी घोडे सुटायच्या आधी चढलो. लोकांना वाटलं, मी नावं वाचणार आहे. मी सांगितलं, की आठ सालांमागे काजळी पडली ती गफूरच्या नालामुळे नाही. पाट मी आदल्या दिवशीपर्यंत वाहता ठेवला होता. वर कोरडी माती टाकून मी तुम्हाला फसवलं. गफूरनं मला सगळ्यांसमोर विचारलं आणि मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. तो चिखल त्यानं पाहिला होता. त्यानं माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं.

मला वाटत होतं, दगड येतील. काही आलं नाही. पुढच्या रांगेतल्या जुन्या माणसांनी माना खाली घातल्या. पलीकडे एकानं दुसऱ्याला विचारलं, कोण गफूर? मग मागून आवाज आला, की घोडे ताटकळले, आटपा आता. वाजंत्री सुरू झाली. आठ वर्षं तुझ्या मानेवर ठेवलेलं ओझं, आणि खाली उतरवायला मला पाव घटकासुद्धा लागली नाही, हे कळून मला जी लाज वाटली, तशी आधी कधी वाटली नव्हती.

मी गाडीवरून उतरलो तर खाली हरसिंग उभा होता. तो जत्रेला आला आहे हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्याची कंबर वाकडी आहे, काठीशिवाय चालता येत नाही. मला वाटलं, काठी उगारेल, आणि खरं सांगतो, ती पडावी असंही वाटलं. त्यानं काठी उचलली नाही. मग म्हणाला, "आठ सालं मी त्याले शिव्या देल्या. बाजारात त्याच्या ओट्यावरून गेलो तं थुकून गेलो. तो मान खाली घालून बैलाचा पाय धरून बसे. आता मी कोनाले सांगू?"

त्यानं विचारलं, कबर कुठी हाय. मी दाखवतो म्हणालो.

शर्यत चालू असतानाच आम्ही दोघं निघालो. मागून टापांचा आवाज येत होता, लोक ओरडत होते, आमच्यापैकी कुणी वळून पाहिलं नाही. कबरस्तानाच्या फाटकापाशी मी त्याला आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. तुझी माती अजून बसलेली नाही. हरसिंग काठी टेकवत, कण्हत खाली बसला. मला म्हणाला, तू बाहेर थांब, मला त्याच्याशी बोलायचं आहे.

मी बाहेर थांबलो. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता. आपल्या तांड्याच्या बोलीत बोलत होता तो, मला एक शब्द कळला नाही. मध्येच थांबायचा, पुन्हा बोलायचा. फार वेळ बोलला. त्याच्यापाशी तुला सांगायला एवढं होतं, गफूर, आणि त्याची तुझी ओळख ती किती. मी चार घरं सोडून राहत होतो.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही गुडघ्यांना माती लागली होती. तो पुढे काठी टेकत चालला. मी दोन पावलं मागून, त्याच्या चालीनं चालत राहिलो.

शिरपत